कुठं म्हणू नये

आमच्या गल्लीत बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठं निघालात' असं कोणी विचारत नसे. विचारलं की काम होत नाही, अशी पक्की समजूत होती. लहान पोर चुकून बोलून गेलं तर निघालेला माणूस माघारी फिरायचा, ओट्यावर टेकायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि मग पुन्हा चप्पल घालायचा. तोवर त्या पोराच्या पाठीत आईचा धपाटा बसलेला असायचा. मी असे पुष्कळ धपाटे खाल्ले, कारण मला लहानपणापासून दुसऱ्याच्या उठाठेवी फार. विचारायचंच असेल तर 'निघालात का' एवढंच विचारायचं. समोरचा म्हणणार, 'निघालो.' आपण म्हणायचं, 'बरं झालं.' बोलणं तिथंच संपायचं.

आता घाटनांदूरला लेकाच्या घरी बसून मी बघते, तर मोबाईल कानाला लागला की माणसाच्या तोंडून पहिला शब्द 'कुठं' हाच निघतो. कुठं हाईस, कुठवर आलास. कोणाचं काम त्यानं अडत नाही. मग आम्ही एवढं तोंड दाबून जगलो ते कशासाठी, हे मला कोणी सांगत नाही.

बीडात नदीच्या अलीकडं आमची गल्ली होती. घागर घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीनं कोणाच्या तरी दारात चढून दुसरीला वाट द्यावी, एवढीच तिची रुंदी. मध्ये जरा मोकळी जागा आणि तिथं एक लिंबाचं झाड. एका टोकाला शिंपीकाकांचं घर, त्यांचं मशीन दिवसभर चालायचं. दुसऱ्या टोकाला बांगड्या भरणारी चाची. आमचं घर मधोमध. हल्ली लोक जुन्या गल्ल्यांचं फार कौतुक करतात, तसलं काही मी करणार नाही. आमच्या गल्लीतलं गटार उघडं होतं, नळावर झिंज्या धरून भांडणं व्हायची, आणि कोणाच्या घरी किती वेळा चूल पेटली याचा हिशेब शेजारणीकडं असायचा. पुरात नदीचं पाणी गल्लीत शिरायचं तेव्हा आपापली भांडी आधी उचलायचे सगळे. पण त्या गल्लीनं एक गोष्ट स्वतःहून अंगावर घेतली होती, आणि लिहायला बसले आहे ती तिच्याचसाठी.

आमच्या भिंतीला भिंत लागून आक्काचं घर होतं. आक्का म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे, शेजारची. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिची आई तिच्या लहानपणीच गेली. पाठीवर भाऊ नाही, बहीण नाही. बाप मोंढ्यात हमाली करायचा, पोती वाहून वाहून त्याला दमा लागलेला. चार पावलं चालला की भिंतीला हात लावून उभा राहायचा. गल्लीतल्या बायकांनी आक्काला वाढवलं म्हणतात, पण खरं सांगायचं तर तिनंच गल्लीतली निम्मी पोरं वाढवली. माझ्या वेण्या तीच घालायची. पंचमीला लिंबाला झोका बांधला की मला पुढ्यात उभी करून ती असा झोका चढवायची की शिंपीकाकांच्या घराची कौलं पायाखाली यायची. मी किंचाळायचे आणि तिला आणखी चेव यायचा.

तिचं लग्न आष्टीच्या पलीकडं एका खेड्यात ठरलं. लांबचं, कोरडवाहू, एसटी बदलून दिवसभराची वाट. सासरी वाटं लावताना ती बापाच्या गळ्यात पडून रडत होती आणि बापाला धाप लागलेली. तेव्हा शिंपीकाका पुढं झाले आणि म्हणाले, "रडू नगंस. पंचमीला मुराळी येतंय तुला न्यायला. तुला भाऊ न्हाई म्हनून काय झालं, गल्ली हाय." माझ्या वडिलांनी मान डोलावली. "गल्लीचा जिम्मा," ते म्हणाले.

मुराळी म्हणजे सासरी गेलेल्या लेकीला माहेराहून न्यायला आलेला माणूस. भाऊ, नाहीतर चुलता, नाहीतर भाच्या-पुतण्यातला कोणी. तो आल्याशिवाय लेकीनं पाऊल उचलायचं नाही. आपण होऊन माहेरी जाणारी बाई एकतर हाकललेली असते नाहीतर पळून आलेली, असाच लोक अर्थ लावत. पंचमीच्या आदल्या दिवशी, नागचौथीला, भावाचा उपास धरायचा आणि वाटेकडं डोळे लावून बसायचं. आक्काला भाऊ नव्हता. ती उपास कोणाचा धरते, असं मी तिला एकदा विचारलं होतं. "समद्या गल्लीचा," ती म्हणाली. "आवघड हाय लई, पोट दुखतंय एवढ्या भावांनी."

पहिल्या वर्षी माझे वडील मुराळी म्हणून गेले, दुसऱ्या वर्षी शिंपीकाका, मग पुन्हा कोणीतरी. घरोघर पाळी लागली. आक्का आली की गल्लीत शिरता शिरताच चाची तिला थांबवायची आणि आधी बांगड्या भरायची. तिचं मनगट बारीक, त्या मापाच्या हिरव्या बांगड्या चाची वेगळ्या बांधून ठेवी. मग ती घरोघर जेवायची. बाप दारात बसून नुसता बघत राहायचा.

ते वर्ष नेमकं कोणाच्या पाळीचं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. शिंपीकाकांच्या घरी विचारलं असतं तर त्यांनी आमचं नाव घेतलं असतं, आणि आमच्या घरी विचारलं असतं तर शिंपीकाकांचं. नागचौथीच्या आदल्या दिवशी सकाळी माझे वडील निघाले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात पिशवी. ते सिरसाळ्याला माझ्या आत्याला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बहिणीला आणायला निघाले होते. स्टँडावर शिंपीकाका भेटले. त्यांचंही धुतलेलं धोतर, टोपी, हातात पिशवी. पंचमीचे झंपर शिवायचे पडलेले आणि अस्तराचं कापड संपलेलं, बीडात मिळेना म्हणून ते बाहेरगावच्या बाजाराला निघाले होते.

"निघालात का?" वडील म्हणाले.

"निघालो. तुमी?"

"मी बी निघालो."

"बरं झालं," दोघंही म्हणाले आणि आपापल्या गाडीत चढले.

हे बोलणं मला तोंडपाठ आहे, कारण पुढं कितीतरी वर्षं ते दोघं ते उगाळत बसायचे. दोघांनीही एकमेकांकडं बघून मनाशी धरलं, चला, आक्काचा मुराळी निघाला. एकानं जरी विचारलं असतं, कुठं? एक शब्द. पण पंचमीच्या तोंडावर, शुभकामाला निघालेल्या माणसाला कुठं म्हणून अपशकुन कोण करणार. लेकीचं भलं व्हावं म्हणूनच दोघं गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी नागचौथीला दुपारून वडील आत्याला घेऊन आले. शिंपीकाका आदल्या संध्याकाळीच परत येऊन मशीनवर बसलेले. त्यांनी मान वर करून पाहिलं, तर माझ्या वडिलांच्या मागं डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई चाललेली. आली आपली लेक, असं म्हणून त्यांनी पुन्हा सुईत दोरा ओवला. इकडं आमच्या आईला शिंपीकाकांच्या घरातून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. त्यांच्याही लेकी आलेल्या. आई म्हणाली, आक्का तिकडं चहाला बसली असंल, येईल सावकाश. आत्यानं आईला गूळ-शेंगा दिल्या आणि दोघी गप्पा मारत बसल्या. दुसऱ्या दिवसाच्या दिंडांच्या तयारीत रात्र झाली आणि शेजारी डोकावायचं राहून गेलं.

आक्काचा बाप तेवढा दारात होता. त्यानं सकाळी आंघोळ करून पांढरं धोतर नेसलं होतं. गल्लीत येणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोरून गेला. त्याला तेव्हाच कळलं असणार. पण तो कोणाच्या दारात जाऊन, माझी लेक का आणली नाही, असं विचारायला गेला नाही. उपकार करणाऱ्याला माणूस कोणत्या तोंडानं जाब विचारणार. मला त्या माणसाचा अजून राग येतो आणि त्याच्याचसाठी अजून रडू येतं.

पंचमीला सकाळी चाची टोपली घेऊन लिंबाखाली आली. सगळ्या लेकींच्या बांगड्या भरून झाल्या. टोपलीत तळाशी बारीक मापाच्या हिरव्या बांगड्या राहिल्या तेव्हा तिनं वर बघून विचारलं, "हमारी पोट्टी किधर है?"

सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. झोका रिकामाच हलत होता. आई शिंपीकाकांच्या बायकोकडं बघून म्हणाली, "तुमच्याकडं न्हाई?" ती म्हणाली, "आमच्याकडं कशी? तुमी आणली की." मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. पुरणाची दिंडं उकडलेल्या घरांत दिवसभर कोणी जेवलं नाही. मी ओरडून म्हणाले, मी जाते, आत्ता जाते एसटीनं. त्या रडारडीतही लोक हसले. पोरगी कुठं मुराळी असते का.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं वडील गेले, आणि तिसऱ्या दिवशी एकटेच आले. ओट्यावर बसले, पाणीसुद्धा मागितलं नाही. हळूहळू आईनं त्यांच्याकडून काढून घेतलं ते मी आतून ऐकलं. आदल्या रात्री कोणी आलं नाही, म्हणून आक्का नागचौथीला पहाटेपासून गाडीच्या रस्त्याला उभी होती, पोटात अन्नाचा कण नाही. माहेरी नव्या बांगड्या भरायच्या म्हणून तिनं जुन्या उतरवून ठेवल्या होत्या. हातात एकेकच ठेवली होती. शेवटची गाडी गेल्यावर ती तशीच घरी आली. पंचमीच्या दिवशी सगळ्या गावच्या सुना माहेरी आणि ही एकटी ओक्याबोक्या हातांनी शेणाची पाटी उचलत होती. सासू वडिलांना म्हणाली, "कावून आला न्हाईत? का समदी गल्ली एकदमच मेली व्हती?"

वडिलांनी आक्काला चल म्हटलं, पाया पडायचेच ते बाकी होते. ती म्हणाली, "पंचमी झाली की काका. आता कशाला? आन् मलाच सवड नव्हती बगा, खुरपणी चालू हाय." एवढं बोलून तिनं त्यांना जेवायला वाढलं. वडील म्हणाले, ती हसून बोलत होती.

त्याच थंडीत तिचा बाप गेला. तिला निरोप गेला, ती आली, नवऱ्याबरोबर. दिवस घालून झाले, तोवर ती त्याच घरात बसून होती. आमच्या घरी आली नाही, चाचीच्या घरी आली नाही. आम्ही जेवण नेऊन दिलं तेवढं खाल्लं. जाताना दाराला कुलूप लावलं आणि लिंबाकडं बघत गेली. पुढच्या पंचमीला शिंपीकाका स्वतः मुराळी म्हणून गेले. तिनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "काका, बाप गेला की माहेर गेलं. तुमी उगं हैराण होऊ नगा." नंतर एक-दोन वर्षं कोणी ना कोणी गेलं. मग गल्ली थकली. चूक विसरायला माणसांना वेळ लागतो म्हणतात, पण आमच्या गल्लीला फारसा लागला नाही.

माझं लग्न घाटनांदूरला झालं. मला भाऊ होता, धाकटा. मी नशीबवान. दर पंचमीला तो यायचा. त्यानं कधी आधी कळवलं नाही आणि कधी चुकला नाही. दारात आला की पायरीवर उभा राहून म्हणायचा, "हाईस का? का गेलीस कुनाबरोबर?" घरात भरल्या माणसांत अशी थट्टा. मी चिडायचे, आणि पिशवी तर सकाळपासूनच भरलेली असायची.

असंच एका वर्षी आम्ही दोघं बीडच्या स्टँडावर उतरलो, तर बाकड्यावर एक बाई बसलेली, शेजारी दवाखान्याची पिशवी. बाई वाळून गेलेली. मनगट बघून मी ओळखलं. मी हाक मारली तर तिनं बराच वेळ माझ्याकडं पाहिलं आणि माझी वेणी हातात धरली. माझे केस तेव्हा पिकायला लागले होते.

"लिंब हाय का?" तिनं पहिलं हे विचारलं.

"हाय," मी म्हणाले. "आक्का, चल की. हे काय, हाकेवर हाय गल्ली. पंचमीचा सण हाय."

ती हसली. "मुराळी आल्याबिगर कसं यावं?"

"मी आलेय की न्यायला."

"तू बाय हाईस."

मग माझा भाऊ पुढं झाला. तो तिच्या माघारी मोठा झालेला, तिनं त्याला कडेवर खेळवलेलं. तो वाकून तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "आक्का, मी नेतो. ऊठ." ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मला वाटलं, उठते. तिनं पिशवी उचललीसुद्धा. तेवढ्यात तिची गाडी लागली आणि सगळी माणसं दाराकडं पळाली. "उशीर झाला रं बाबा," ती म्हणाली आणि चढली. गाडी मागं घेत असताना मी खिडकीखाली उभी होते. ते खेडं तिनं सोडल्याचं उडत कानावर आलं होतं; कुठं निघालीस, आता कुठं राहतेस, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. पण निघालेल्या माणसाला विचारायचं नाही, तेही आजारी माणसाला, दवाखान्यातून निघालेल्याला. जन्मभराची सवय, शब्द गिळला गेला. गाडीवरची पाटीही चिखलानं भरलेली. त्यानंतर आक्का कुठं गेली, आहे की नाही, मला माहीत नाही.

माझा भाऊ यंदा संक्रांतीनंतर वारला. शेवटच्या पंचमीलाही तो आला होता, काठी टेकत, एसटीनं. लेक माझा म्हणाला, मामा, मी आईला गाडीनं आणून सोडलं असतं. तो म्हणाला, "तू सोडल्यावर ते सोडनं झालं बाबा. न्ह्यायला मीच आलं पायजे."

तो गेल्यावर मी मनाशी ठरवलं होतं की आता पंचमी संपली. पण श्रावण लागला आणि जीव राहीना. मला गल्लीत एकदा जायचं होतं. भावाचे दोघं लेक, थोरला आणि धाकटा, आता बीडाबाहेरच्या नव्या कॉलनीत वेगवेगळे राहतात. जुन्या घराला कुलूप आहे, आणि दिवाळीनंतर ते पाडायचं ठरलंय. पाडायच्या आधी एकदा त्या ओट्यावर बसायचं होतं, एवढंच. सून म्हणाली, "आई, आता कोण मुराळी पाठवतंय? तुम्हाला तर एसटीला तिकीटपण लागत नाही." मी तिला फटकारलं. मी काही हाकललेली बाई नाही. मग थोरल्याचा फोन आला. "आत्या, चौथीला तयार ऱ्हा. मी न्हाईतर धाकटा, कुनीतरी येतोच." मला एवढं हलकं वाटलं की मी सुनेला दोनदा ऐकवलं.

नागचौथीला मी उपास धरला. कोणाचा धरायचा, हा प्रश्नच होता. भाऊ तर नाही. सून बघत होती. मी नवं लुगडं नेसले, पिशवीत दोन लुगडी आणि थोरल्या-धाकट्याच्या पोरांसाठी गूळ-शेंगा भरल्या आणि दारातल्या पायरीवर येऊन बसले. सकाळ गेली. रस्त्यानं जाणारं येणारं माणूस थांबून विचारायचं, आजी, कुठं निघालात? शाळेतली पोरंसुद्धा. एकदा मी उठून आत गेले, पाणी प्यायचं नव्हतं म्हणून नुसती चूळ भरली आणि पुन्हा येऊन बसले, म्हणजे लागलेला अपशकुन तुटावा. दुपार झाली. लेक म्हणाला, मी फोन लावतो. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. ओढून आणलेला मुराळी नको होता मला. तेव्हा मला आक्का दिसली, रस्त्याला उभी, हातात एकेक बांगडी. इतक्या वर्षांत मी तिच्यासाठी रडले होते, पण ती काय बघत उभी होती हे मला त्या दिवशी पायरीवर बसल्यावर कळलं.

दिवेलागणीला थोरल्याचा फोन आला.

"आत्या, कुठं हाईस? धाकट्याच्या घरावरनं गेलतो, त्याची गाडी दारात दिसली न्हाई. म्हनलं तुला आनायलाच गेला आसंल. पोचलीस न्हवं?"

सून दारात उभी होती. पलीकडून त्याच्या पोरांचा गलका ऐकू येत होता. धाकट्यालाही असंच वाटलं असणार, थोरल्याची गाडी नाही म्हणजे तो गेला. मी पिशवीकडं बघितलं. नाही म्हटलं असतं तर त्यानं रात्रीचीच गाडी काढली असती, पाया पडला असता, रडला असता. पोरगा वाईट नाही. आमच्या गल्लीतही कोणी वाईट नव्हतं.

"पोचले," मी म्हणाले.

"बरं झालं," तो म्हणाला.